वैद्यकाच्या उंबरठ्यावर व्यवहाराची विद्या

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या व पालकांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल वर्षांत आपल्या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्याचें काम आमच्याहून वयोवृद्ध आणि अधिकारी मंडळींनीं ह्याच व्यासपीठावरून केलेलें आहे. तेंच पुन्हा सांगून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाहीं. तरुणांच्या शिक्षणासंबंधीं चार शब्द सांगावे, अशी चालक मंडळींनीं आम्हांस विनंती केली, तेव्हां आमच्या मेजावर पडलेल्या एका पत्राची आम्हांस आठवण झाली. त्या पत्रासच आज आम्ही भाषणाचा विषय करीत आहों.

हें पत्र अमेरिकेहून आलें. आपल्याच धर्मग्रामांतील एक कुटुंब कित्येक वर्षांपूर्वीं न्यू जर्सी राज्यांत जाऊन स्थायिक झालें आहे. त्यांची थोरली कन्या आतां अठरा वर्षांची झाली असून तिला डॉक्टर व्हावयाचें आहे. तेथील रीतीप्रमाणें वैद्यकीय विद्यालयांत जाण्यापूर्वीं चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, व ती कोणत्या विषयाची असावी ह्यावरून घरांत वाद माजला आहे. बापाचें म्हणणें, व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी घे. उद्यां वैद्यकाचें दार उघडलें नाहीं, तरी पोटापाण्याची सोय होईल. आईचें म्हणणें, डॉक्टर व्हावयाचें तर जीवशास्त्र शीक. दुकानदारीची विद्या कशास? दोघांनींहि आमचा अभिप्राय मागितला. आणि पत्राच्या शेवटीं त्या मुलीनें आपल्या हातानें दोन ओळी लिहिल्या होत्या. तिनें विचारलें होतें: "फादर, मनांत डॉक्टर व्हावयाचें असतां व्यापाराची विद्या शिकणें ह्यांत कांहीं खोटेपणा आहे काय?"

मायबापांच्या प्रश्नाचें उत्तर माहिती गोळा करून देतां आलें असतें. मुलीच्या प्रश्नानें मात्र आम्हांस कित्येक दिवस विचार करावयास लावलें. त्याचें कारण पुढें सांगूं.

प्रथम तेथील शिक्षणाची रीत समजून घेऊं. आपल्याकडे बारावी झालेला विद्यार्थी 'नीट' परीक्षा देऊन एकदम वैद्यकीय महाविद्यालयांत जातो, आणि शेवटच्या वर्षाच्या उमेदवारीसह साडेपांच वर्षांत एम्.बी.बी.एस्. होतो. अमेरिकेंत सामान्यतः आधीं चार वर्षांची पदवी, मग चार वर्षें वैद्यकीय विद्यालय, आणि त्यानंतर तीन ते सात वर्षें निवासी डॉक्टर म्हणून रुग्णालयांत उमेदवारी, असा लांबलचक क्रम आहे.

हा क्रम तेथेंहि आरंभापासून नव्हता. कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या, तेव्हां त्यांच्यापाशीं कोणतीहि पदवी नव्हती. आणि तरीहि १८८६ सालीं त्या एम्.डी. होऊन बाहेर पडल्या. पुढें १८९३ सालीं बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालय उघडलें, त्यानें प्रवेशासाठीं पदवीची अट घातली. १९१० सालीं अब्राहम फ्लेक्स्नर ह्यांनीं अमेरिका व कॅनडा येथील वैद्यकीय विद्यालयांची पाहणी करून एक कठोर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर पुष्कळ दुबळीं विद्यालयें बंद पडलीं, आणि वैद्यकापूर्वीं महाविद्यालयीन शिक्षण हवेंच, हा नियम हळूहळू रूढ झाला. परंतु तें शिक्षण कोणत्या विषयाचें असावें, ह्याची सक्ती मात्र राहिली नाहीं. ठराविक विज्ञानविषय पुरे केले, म्हणजे इतिहासाचा, संगीताचा किंवा व्यापाराचा पदवीधरहि वैद्यकीय विद्यालयाच्या दाराशीं जाऊन उभा राहूं शकतो.

ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंस विचित्र वाटण्याचें कारण नाहीं. आम्ही सेमिनरींत गेलों, तेव्हां ईशज्ञानाच्या वर्गांत बसण्यापूर्वीं आम्हांस तत्त्वज्ञान शिकावें लागलें. आम्ही तरुण होतों, उतावळे होतों. देवाचें काम करावयास आलेल्यांना ॲरिस्टॉटल कशास हवा, असें म्हणून कुरकुरत होतों. पुढें कळलें कीं, पायरी ओलांडण्यापूर्वीं पाय धुण्याची जागा असते, तशी ती वर्षें होतीं. मुख्य विद्येपूर्वीं दुसरी एक विद्या शिकल्यानें मुख्य विद्येचा अपमान होत नाहीं. मात्र त्या पहिल्या विद्येनें मनास कोणतें वळण लागणार, हें पाहिलें पाहिजे.

आतां व्यवसाय-व्यवस्थापन म्हणजे काय, तेंहि पाहूं. आनंदीबाई फिलाडेल्फियास पोंचण्यापूर्वीं दोनच वर्षें, म्हणजे १८८१ सालीं, त्याच नगरींत जोसेफ व्हार्टन नांवाच्या उद्योगपतीच्या देणगींतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत व्यापारशिक्षणाचें विद्यालय निघालें. विद्यापीठाचें अंग म्हणून चालणारें असें त्या देशांतील तें पहिलें विद्यालय होय. त्याच विद्यापीठाचें वैद्यकीय विद्यालय १७६५ पासूनचें, आणि तेंहि त्या देशांत पहिलेंच. ह्या दोन विद्या अशा रीतीनें दीडशें वर्षांजवळ शेजारीं नांदत आल्या आहेत. व्यवस्थापनाच्या पदवींत हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भांडवलाचें नियोजन, साठ्याची व कामाची आखणी, माणसांकडून काम करून घेण्याची रीत, व्यापारी कायदा आणि माल खपविण्याची कला इतक्या गोष्टी शिकवितात. ह्या यादींतील शेवटची एक सोडली, तर बाकीच्यांपैकीं कोणतीहि गोष्ट रुग्णालयास नको आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु उत्साहाच्या भरांत अडचणी झांकून ठेवणें हें वडीलधाऱ्यांस शोभत नाहीं. पहिली अडचण वेळेची. तेथील पदवी साधारणतः १२० श्रेयांकांची असते. वैद्यकीय विद्यालयें बहुधा जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान हे चार विषय प्रयोगशाळेसह एकेक वर्ष शिकलेले मागतात. त्यांत जीवरसायनशास्त्र मिळविलें, म्हणजे सुमारें ३५ श्रेयांक होतात. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे हे विषय बहुतेक त्याच्या पदवींतच बसतात. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याचे मात्र संख्याशास्त्रासारखा एखादा विषय सोडतां दोन्ही ओझीं निरनिराळीं. सकाळीं ताळेबंद, दुपारीं प्रयोगशाळा, अशी त्याची चार वर्षें जातात.

दुसरी अडचण गुणांची. प्रवेशाच्या अर्जांत जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान व गणित ह्या विषयांच्या गुणांची सरासरी वेगळी काढून दाखविली जाते. व्यापारविषयांत मिळविलेले उत्तम गुण रसायनांतील उणीव झांकूं शकत नाहींत. शिवाय एम्-कॅट नांवाची प्रवेशपरीक्षा सर्वांस एकच. तिचें आजचें स्वरूप २०१५ पासूनचें. सुमारें साडेसात तासांचा दिवस, चार भाग, आणि सर्वोच्च गुण ५२८. चारांपैकीं दोन भाग निखळ विज्ञानाचे, एक मन व समाज ह्यांच्या अभ्यासाचा, आणि एक वाचलेलें समजून त्यावर विचार करण्याचा. तुम्ही ताळेबंद किती सुबक मांडतां, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

अर्ज करणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक जीवविज्ञानाचे विद्यार्थी असतात, हें खरें. तथापि साहित्य, इतिहास असे विषय घेऊन येणारे जे थोडे विद्यार्थी असतात, ते प्रवेशाच्या प्रमाणांत त्यांच्या मागें नाहींत. तेव्हां विषयाच्या नांवावरून दार बंद होत नाहीं. तें बंद होतें अर्धवट तयारीमुळें.

आतां बापाच्या म्हणण्याकडे वळूं. त्यास हंसण्याचें कारण नाहीं. तेथें दर वर्षीं अर्ज करणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक जण त्या वर्षीं वैद्यकीय विद्यालयांत पाऊल ठेवूं शकत नाहींत. जे ठेवतात, त्यांतील बहुतेकांच्या डोक्यावर शिक्षण संपतेवेळीं कर्ज असतें, आणि तें दोन लक्ष डॉलरांच्या आसपास जातें. मुलीनें हातीं एक धंद्याची विद्या ठेवावी, असें बापास वाटलें, तर तो त्याचा लोभ नव्हे. ती काळजी होय. परंतु जी पदवी केवळ भीतीपोटीं घेतली जाते, ती मन लावून शिकली जात नाहीं, आणि मन न लावतां शिकलेली विद्या पडत्या काळीं हात देत नाहीं. छत्री म्हणून घेतलेली काठी पावसांतहि निरुपयोगी आणि चालतांनाहि निरुपयोगी.

आतां त्या मुलीचा प्रश्न. व्यापाराची विद्या शिकणें हा वैद्याच्या धर्माशीं खोटेपणा आहे काय? ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती आमच्या अभिमानाची नाहीं.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं आम्ही डोंगराळ भागांतील एका मिशनकेंद्रावर होतों. तेथें एक लहानसा दवाखाना होता. परिचारिकेचें काम करणारी एक धर्मभगिनी तेथें राहत असे, व आठवड्यांतून एकदां शहरांतून एक डॉक्टर येत. दोघेंहि आपापल्या कामांत अत्यंत निष्णात. औषधांची खरेदी, साठा आणि पैशाचा हिशेब आमच्याकडे होता. आम्ही तत्त्वज्ञान शिकलों होतों, ईशज्ञान शिकलों होतों, थोडें लॅटिनहि जाणत होतों. परंतु साठ्याची वही कशी ठेवावी, हें आम्हांस कोणीं शिकविलें नव्हतें, आणि आम्हींहि कोणास विचारलें नाहीं. दयेचें काम चाललें आहे, त्यास वह्या कशास, असें आम्हांस वाटे. देणगीदारांकडून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या, त्या फळ्यांवर रचून ठेवल्या. कोणती वस्तु किती खपते, कोणती केव्हां संपेल, कोणतीची मुदत केव्हां जाईल, ह्याची टिपण आम्हीं ठेवली नाहीं.

त्या पाड्यावर एक बाई होती. तिला फेंफरें येत असे. दवाखान्यांतील गोळ्या नियमानें घेऊं लागल्यापासून वर्षभर तिला झटका आला नव्हता. एके पावसाळ्यांत त्या गोळ्या संपल्या. पुढची मागणी आम्हीं वेळेवर पाठविलीच नव्हती, आणि ओढ्यास पूर आल्यामुळें कोणास शहराकडे जातां येईना. नवव्या दिवशीं ती बाई स्वयंपाक करीत असतां झटका येऊन चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ती वांचली; परंतु त्या हाताचीं बोटें पुन्हा सरळ झालीं नाहींत. तिला झोळींत घालून आणलें, तेव्हां आम्ही औषधांच्या कपाटापुढें उभे होतों. त्यांत खोकल्याच्या औषधाच्या चाळीस बाटल्या होत्या, व सर्वांची मुदत संपलेली होती.

बंधुभगिनींनो, तेथें वैद्यकाचें ज्ञान कमी नव्हतें. दयाहि कमी नव्हती. हिशेब कमी होता, आणि तो आमच्या हातीं होता. पुढें देणगीदारांनीं दोन वर्षांचे जमाखर्च मागितले. ते आम्ही देऊं शकलों नाहीं, देणगी थांबली, आणि दवाखाना बंद पडला. त्यांचा त्यांत दोष नव्हता. ज्या विद्येस आईनें पत्रांत दुकानदारी म्हटलें, तिच्यांतील दोन पानें जरी आम्ही शिकलों असतों, तरी त्या बाईचा हात शाबूत राहिला असता. मुलीच्या दोन ओळींनीं आम्हांस इतके दिवस अस्वस्थ कां केलें, तें आतां आपल्या ध्यानांत येईल.

व्यवस्था आणि करुणा ह्या एकाच हातांत नांदूं शकतात, ह्याचे दाखले आहेत. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत रॉचेस्टर नांवाचें गांव आहे. १८८३ सालीं तेथें चक्रीवादळानें मोठा विध्वंस केला. जखमी लोकांची सेवा केल्यावर फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या मदर आल्फ्रेड ह्यांनीं डॉक्टर मेयो ह्यांस रुग्णालय काढण्याविषयीं गळ घातली, आणि १८८९ सालीं सेंट मेरीज रुग्णालय उघडलें. १८९२ पासून १९३९ पर्यंत सिस्टर जोसेफ डेम्प्सी ह्या त्याच्या अधीक्षक होत्या. सत्तेचाळीस वर्षें त्यांनीं त्या घराची व्यवस्था पाहिली. त्याच बाई डॉक्टर विल्यम मेयो ह्यांच्या शस्त्रक्रियेंतील साहाय्यकहि होत्या. पोटाच्या कर्करोगानें ग्रासलेल्या कांहीं रुग्णांच्या बेंबीपाशीं एक गांठ हातास लागते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. आजहि वैद्यकाच्या पुस्तकांत ती गांठ त्यांच्या नांवानें ओळखली जाते. एका बाजूस एवढ्या मोठ्या घराचा कारभार, आणि दुसऱ्या बाजूस रुग्णाच्या अंगावरील इतकी बारीक खूण. एकीनें दुसरीस अडथळा केला नाहीं. आमचें तर मत असें कीं, नीट पाहण्याची एकच संवय दोन्हीकडे कामास आली.

दुसरा दाखला आपल्या देशांतील. मदुराईचे डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी ह्यांनीं सरकारी सेवेंतून निवृत्त झाल्यावर १९७६ सालीं अकरा खाटांचें अरविंद नेत्ररुग्णालय काढलें. संधिवातानें त्यांचीं बोटें वांकडीं झालेलीं होतीं. त्यांनीं काम असें आंखलें कीं, शस्त्रक्रियेच्या खोलींत एकीकडे एका रुग्णाचें काम चाललें असतां शेजारच्या मेजावर दुसऱ्याची तयारी पुरी व्हावी, आणि शल्यवैद्याचा क्षणहि वायां जाऊं नये. पैसे देऊं शकणाऱ्यांच्या पैशांतून न देऊं शकणाऱ्यांचे डोळे सुधारावे, असा हिशेब त्यांनीं बसविला. परदेशी कृत्रिम भिंगें महाग पडूं लागलीं, तेव्हां १९९२ सालीं तीं येथेंच स्वस्तांत तयार करण्याचा कारखाना निघाला. हें सर्व व्यवस्थापन होय. आणि त्याचें फळ लक्षावधि गरिबांच्या डोळ्यांत आहे.

तिसरा दाखला मराठी रक्ताचा. डॉक्टर अतुल गावंडे ह्यांचे वडील महाराष्ट्रांतून अमेरिकेस गेलेले. अतुल ह्यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत जीवशास्त्र व राज्यशास्त्र ह्यांचा अभ्यास केला, मग ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राजकारण व अर्थशास्त्र शिकले, आणि १९९५ सालीं हार्वर्डहून एम्.डी. झाले. शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर कांहीं साध्या गोष्टी मोठ्यानें विचारून तपासून घ्याव्या, अशी एक यादी त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं तयार केली. विमान चालविणारे लोक उड्डाणापूर्वीं अशी यादी वाचतात, तीच ही युक्ति. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यांत दिल्लीचें एक होतें. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. केवळ कामाची शिस्त.

परंतु येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. ह्या तिघांपैकीं कोणाचीहि पदवी व्यवसाय-व्यवस्थापनाची नव्हती. सिस्टर जोसेफ काम करतां करतां शिकल्या. वेंकटस्वामी नेत्रशिबिरें भरवितां भरवितां शिकले. म्हणजे ही विद्या वैद्यास हवी, हें जितकें खरें, तितकेंच ती वैद्यकापूर्वींच व पदवी म्हणूनच घेतली पाहिजे असें नाहीं, हेंहि खरें. आज अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांत एम्.डी. आणि व्यवस्थापनाची उच्च पदवी मिळून बहुधा पांच वर्षांत पुरी करण्याची सोय आहे. ज्याची खात्री नाहीं, त्यानें थांबून मागाहून शिकण्यास कांहींच हरकत नाहीं.

आणखी एक धोका आहे. २०२३ सालीं अमेरिकेनें आरोग्यावर सुमारें ४ लक्ष ९० हजार कोटी डॉलर खर्च केले. त्या देशाच्या एकूण उत्पन्नाचा हा शेंकडा १७.६ भाग होतो. एवढा पैसा जेथें वाहतो, तेथें मोजणारे हात पुष्कळ जमतात, आणि त्यांतील सर्वच रुग्णासाठीं मोजीत नाहींत. किती रुग्ण बरे झाले ह्याऐवजीं किती खाटा भरल्या, आणि कोणास गरज आहे ह्याऐवजीं कोणापाशीं पैसे आहेत, हें मोजूं लागलें, म्हणजे तीच विद्या विष होते. आईच्या मनांतील भीति ह्याच गोष्टीची असावी, आणि ती निराधार नाहीं. पण वहीचा दोष लेखणीस लावूं नये. काय मोजावयाचें, हें ठरविणारा मनुष्य असतो.

ह्या सर्वांचा विचार करून आम्हीं त्या मुलीस उत्तर लिहिलें. त्यांतील मतलब असा:

"बाळ, खोटेपणा विषयांत नसतो, हेतूंत असतो. आपल्या मनास तीन प्रश्न विचार. पहिला: वैद्यकाचें दार कधींच उघडणार नाहीं असें आज कळलें, तरीहि ही विद्या तूं आवडीनें शिकशील काय? 'नाहीं' असें उत्तर आलें, तर ती घेऊं नकोस. दुसरा: रसायन आणि पदार्थविज्ञान ह्यांस पूर्ण वेळ देण्याची, लागल्यास एखादें वर्ष अधिक घालविण्याची तुझी तयारी आहे काय? ज्याच्या हातीं रुग्णाचा जीव द्यावयाचा, त्यानें विज्ञानांत चोरी केलेली चालत नाहीं. तिसरा: हिशेब शिकून तूं कोणाचा हिशेब ठेवणार? तिन्हींचीं उत्तरें मोकळ्या मनानें देतां आलीं, तर तूं खुशाल व्यवस्थापन शीक, आणि आईस आमचें हें पत्र वाचून दाखव." त्यासोबत कपाटापुढची ती गोष्टहि आम्हीं लिहिली.

दोन महिन्यांनीं तिचें उत्तर आलें. तिनें व्यवस्थापनाचीच पदवी निवडली, आणि विज्ञानविषय चारांऐवजीं पांच वर्षांत पसरून घ्यावयाचें ठरविलें. त्या जादा वर्षाच्या खर्चामुळें वडील थोडे नाराज आहेत. आई अजून पुरती पटलेली नाहीं. रसायन जड जातें, असेंहि तिनें लिहिलें आहे. पुढें तिला प्रवेश मिळेल किंवा न मिळेल. तें आज कोण सांगणार? परंतु तिनें विचारपूर्वक पाऊल टाकलें, एवढें आम्हांस दिसतें.

आतां येथें बसलेल्या तरुणांस दोन शब्द. अमेरिकेची वाट ही अमेरिकेची आहे. आपल्या देशांत एम्.बी.बी.एस्.साठीं पूर्वपदवीची गरज नाहीं. बारावीस पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय मात्र हवेतच. तेव्हां डॉक्टर व्हावयाचें म्हणून आधीं व्यापाराची पदवी घेण्याचा घाट येथें कोणी घालूं नये. परंतु डॉक्टर झाल्यावर रुग्णालयाची व्यवस्था शिकण्याचे मार्ग येथेंहि खुले आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंत हा विषय शिकवितात. आणि ज्यांना वैद्यकाचें दार उघडलें नाहीं, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, रुग्णालयांत औषधाचा साठा वेळेवर भरणारा मनुष्यहि रुग्णाचा जीव राखतो. हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं.

पालकांसहि एक विनंती. मुलांच्या विषयाची निवड करतांना "ह्यांत पैसा किती?" हा प्रश्न विचारूं नका, असें आम्ही म्हणणार नाहीं, संसार तुम्हांस चालवावयाचा आहे. पण त्याबरोबर "ह्या विद्येनें हा कोणाच्या उपयोगीं पडेल?" हाहि प्रश्न विचारा, आणि मुलास उत्तर देऊं द्या.

त्या बंद पडलेल्या दवाखान्याची वही अजून आमच्यापाशीं आहे. तिचीं पहिलीं सहा पानें भरलेलीं आहेत, आणि बाकीचीं कोरीं आहेत. ह्या महोत्सवाच्या वर्षांत आपल्या धर्मग्रामाच्या आरोग्यनिधीचा जमाखर्च दर महिन्यास दाराशीं लावण्याचा जो नियम आम्हीं केला, त्याचें कारण कित्येकांनीं आम्हांस विचारलें होतें. तें आज सांगितलें. परमेश्वर आपणां सर्वांस सद्बुद्धि व आरोग्य देवो.